तापीकाठच्या तोफा

सेंधव्याचा घाट उतरून मद्रास फौज २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तापीकाठी थाळनेरला पोचली, तेव्हा इथे लढाई जुंपेल हे कुणाच्या गावीही नव्हतं. सेंधव्याच्या किल्लेदाराने चारच दिवसांपूर्वी मुकाट्याने किल्ल्या दिल्या होत्या. होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख इंग्रजांना लिहून देऊन दीड महिना उलटून गेला होता. कागदावर खानदेश इंग्रजांचा झाला होता. पण सामानाचे बैल थाळनेरच्या तटाजवळून जाऊ लागले आणि वरून गोळीबार सुरू झाला. फौजेचा सेनापती सर थॉमस हिस्लॉप याने किल्लेदार तुळशीराम मामा यांना निरोप धाडला, की किल्ला खाली करा, नाहीतर तुम्हाला बंडखोर समजून वागवू. उत्तर आलं नाही. मग तोफा पुढे आणल्या गेल्या.

त्या दिवशी थाळनेरला जे घडलं त्याची चर्चा पुढे लंडनच्या पार्लमेंटात झाली. आज शिरपूर तालुक्यातल्या या गावाचं नाव निघतं ते बहुधा फारुकी सुलतानांच्या कबरींमुळे. मलिक राजा फारुकीने चौदाव्या शतकात इथूनच खानदेशाचा कारभार सुरू केला, हे इतिहासाच्या पुस्तकांत असतं. तुळशीराम मामांना मात्र एखाददुसऱ्या ओळीत उरकलं जातं. त्या दिवसाकडे नीट पाहायचं तर आधी तोफांकडे पाहायला हवं. तोफा काय करू शकत होत्या, काय करू शकत नव्हत्या आणि त्या कुणाकडे उरल्या होत्या, यावर त्या दोन वर्षांत खानदेशाचं पुष्कळ काही ठरलं.

त्या काळातली मैदानी तोफ आतून गुळगुळीत असे. नळीत पीळ नसे, म्हणून गोळ्याला फिरकी मिळत नसे. हिस्लॉपच्या फौजेत सहा पौंडी तोफा होत्या. त्यांचा गोळा भरीव लोखंडाचा, वजनाने पावणेतीन किलोंच्या आसपास, मोठ्या मोसंब्याएवढा. तो नळीपेक्षा किंचित लहान ठेवावा लागे, नाहीतर अडकून बसायचा. या मोकळ्या जागेमुळे गोळा नळीच्या कडांवर आपटत बाहेर पडे आणि शेवटची धडक ज्या बाजूला बसेल त्याच्या उलट दिशेला झुके. सात-आठशे यार्डांपर्यंत नेम बरा लागे, त्यापुढे भरवसा नव्हता. जवळच्या माणसांवर मारा करायचा असला की एका गोळ्याऐवजी छर्ऱ्यांनी भरलेला डबा ठासत. नळीतून निघताच तो डबा फुटे आणि समोरची रांग कापली जाई.

एक बार काढायला सात-आठ माणसं एका तालात हलावी लागत. एकजण ओल्या कुंच्याने नळी पुसून काढी, कारण आत एखादी ठिणगी राहिली असेल तर पुढची दारू ठासतानाच भडकून ठासणाऱ्याचे हात जायचे. तेवढ्यात दुसरा कातड्याची टोपी चढवलेला अंगठा तोफेच्या कानावर दाबून धरी, म्हणजे आत हवा शिरून ठिणगी फुलणार नाही. मग दारूची थैली, तिच्यावर गोळा, दोन्ही दट्ट्याने तळाशी. कानातून सळई घालून थैली फोडायची, रंजक भरायची, सर्वांनी बाजूला व्हायचं आणि बत्ती द्यायची. बारासरशी अख्खा गाडा मागे उसळे, कारण धक्का झेलणारं कोणतंही यंत्र त्यात नव्हतं. तो हातांनी ढकलून पुन्हा जागेवर आणायचा, पुन्हा नेम धरायचा. कसलेली टोळी मिनिटाला दोन बार काढी. दारूच्या दाट पांढऱ्या धुरात थोड्याच वेळात समोरचं काही दिसेनासं होई.

हे तंत्र मराठी सरदारांना नवं नव्हतं. पेशव्यांचा तोफखाना पानशांकडे होता आणि जुन्नरच्या बाजूला आंबेगव्हाणला तोफगोळ्यांचा कारखाना चालत होता. महादजी शिंद्यांनी तर द बॉयन या फ्रेंच बोलणाऱ्या सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या आणि आग्र्याला तोफा ओतण्याची सोय केली. त्या तोफांचा कस खानदेशाच्या वेशीवरच लागला. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेला असईला, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आर्थर वेलस्लीच्या फौजेसमोर शिंद्यांच्या शंभरेक तोफा उभ्या होत्या. वेलस्लीच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज त्यांच्या माऱ्याने इतक्या झटपट आडवे केले, की त्याला आपल्या तोफा मागे टाकून पायदळानेच चाल करावी लागली. इंग्रजांची रांग अंगावरून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले, तोफा फिरवल्या आणि त्यांनी पाठीमागून बार काढले. लढाई वेलस्लीने जिंकली, पण त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना अजिंठ्याला हलवून तिथे इस्पितळ उभारावं लागलं. हाती लागलेल्या शिंद्यांच्या तोफा कंपनी सरकारच्या तोफांच्या तोडीच्या आहेत, असं वेलस्लीनेच कळवलं. पुढच्याच महिन्यात वेलस्लीच्या जोडीच्या फौजेचा सेनानी स्टीव्हन्सन याने बुऱ्हाणपूर आणि असीरगड घेतले आणि तापीचं खोरं इंग्रजी तोफांच्या चाकांखाली आलं.

चौदा वर्षांनी हाच प्रसंग होळकरांवर आला. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूरला लढाई झाली. आदल्याच दिवशी होळकरांच्या छावणीत कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा खून झाला होता आणि गादीवर बसलेले मल्हारराव अजून पोरवयात होते. अशा विस्कटलेल्या दरबारातही तोफखाना मात्र शाबूत होता. रोशन बेगच्या हाताखालच्या त्या तोफांनी नदी ओलांडून आलेल्या इंग्रजांच्या हलक्या तोफा गप्प केल्या. इंग्रजी पायदळ संगिनी रोखून तोफांपर्यंत भिडलं तरी होळकरांचे गोलंदाज जागचे हलले नाहीत, तोफेच्या गाड्यापाशीच कापले गेले. इंग्रजांची पावणेआठशेच्या आसपास माणसं कामी आली किंवा जखमी झाली आणि होळकरांच्या साठाहून अधिक तोफा गेल्या.

खानदेशाच्या दृष्टीने खरी लढाई ती. सातपुड्याच्या पलीकडे, खानदेशी माणसाने न पाहिलेल्या रणावर, थाळनेरच्या तटाची कड घेऊ शकला असता असा एकमेव तोफखाना संपला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरला तात्या जोगांनी होळकरांच्या वतीने तहावर सही केली. त्यानंतर खानदेशात उरले ते सुटे सुटे किल्ले. त्यांच्यावर लांब नळीच्या जेजाला होत्या, ठासणीच्या बंदुका होत्या, अरबांच्या जंबिया होत्या. मैदानात उतरून शत्रूच्या तोफेला तोफेने उत्तर देईल अशी एकही फौज नव्हती.

थाळनेरची जागा मोठी मोक्याची. एका बाजूला तापीचं पात्र, उरलेल्या तीन बाजूंना खोल घळ, आणि घळीच्या तळापासून साठेक फूट उंच उभा तट. आत जायची वाट पूर्वेकडून एकच, तीही सरळ नाही. वळणं घेत एकामागून एक पाच दरवाजे ओलांडावे लागत. अशा तटाला सहा पौंडी गोळ्यांनी भगदाड पडत नाही. ते काम अठरा पौंडी, चोवीस पौंडी लोखंडी तोफांचं, आणि हिस्लॉपकडे हलक्या तोफा आणि आखूड नळीच्या हॉवित्झर होत्या. त्याने त्यांचा उपयोग जसा करता येत होता तसाच केला. तटावरच्या बंदुकांना मान वर काढू द्यायची नाही, दारू भरलेले, पडून फुटणारे कुलपी गोळे आत फेकत राहायचं आणि दोन तोफा दरवाजाच्या तोंडाशी नेऊन बार काढायचे.

पहिला दरवाजा ढासळला. मेजर गॉर्डनच्या हाताखालची रॉयल स्कॉट्स आणि मद्रास युरोपियन पलटणीची निवडक माणसं आत शिरली. पुढच्या दरवाजांवर कुणी अडवलं नाही. तिसऱ्या दरवाजाच्या सुमारास तुळशीराम मामा स्वतः काही माणसांनिशी दिंडी दरवाजातून बाहेर आले आणि इंग्रजांच्या स्वाधीन झाले. शेवटचा दरवाजा मात्र आतून बंद होता आणि आतल्या शिबंदीशी वाटाघाट चालू होती. बोलणाऱ्यांना एकमेकांची भाषा कळत नव्हती. तटाखाली गोऱ्या शिपायांचा जमाव वाढत होता, आत तासन्तास मारा सोसलेली माणसं होती. अखेर दिंडी उघडली. कर्नल मरे, मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅकग्रेगर आणि दहाबारा शिपाई वाकून आत गेले.

आत काय बोलणं झालं, पहिला हात कुणी टाकला, हे सांगणारी शिबंदीची बाजू कुठेच नोंदली गेली नाही. इंग्रज कागदांत एवढं आहे, की आतली माणसं अचानक तुटून पडली. गॉर्डन आणि मॅकग्रेगर तिथेच मारले गेले, मरे जबर जखमी झाला. बाहेरच्यांनी दिंडी मिटू दिली नाही. रेटा देऊन फौज आत घुसली आणि किल्ल्यातल्या सुमारे तीनशे माणसांना कापून काढलं. संध्याकाळी हिस्लॉपने तुळशीराम मामांना किल्ल्यावरच फाशी दिली.

या फाशीचं समर्थन करता येत नाही. दिंडीत दगा झाला असं धरलं तरी त्या घटकेला किल्लेदार आत नव्हते, ते इंग्रजांच्याच ताब्यात होते. ते स्वतःहून चालत बाहेर आले होते. धन्याने मुलूख दिला म्हणून नोकराने किल्ला द्यावा हा कायदा मानला, तरी शरण आलेल्याला मारण्याचा हुकूम त्यातून निघत नाही. ही गोष्ट इंग्रजांनाही खुपली. मार्च १८१९ मध्ये पार्लमेंटात या युद्धातल्या सेनापतींचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हा थाळनेरच्या फाशीवर प्रश्न विचारले गेले आणि आभार मानताना ती बाब मुद्दाम वगळावी लागली. हिस्लॉपचा खुलासा त्यांना पुरेसा वाटला नव्हता.

थाळनेरनंतर अडीच महिन्यांनी मालेगावची पाळी आली. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात आहे, पण तेव्हा ते खानदेशातच गणलं जाई. मोसम नदीच्या काठी नारो शंकर राजेबहाद्दरांनी १७४० च्या सुमारास बांधलेला हा भुईकोट त्या वेळी साडेतीनशेच्या आसपास अरबांच्या ताब्यात होता. ते पगारी शिपाई. थकलेला पगार आणि पुढची हमी मिळाल्याशिवाय हलायचं नाही, असा त्यांचा निर्धार होता. त्यांच्यावर चालून आला तो लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल. त्याच उन्हाळ्यात त्याने अंकाई, राजधेर, त्र्यंबक हे डोंगरी किल्ले एकामागून एक घेतले होते. त्यांच्यापुढे सपाटीवरचा मालेगावचा कोट त्याला सोपा वाटला असावा.

पण डोंगरी किल्ल्यांवरच्या शिबंदीची हिंमत कड्यावर होती. कड्यावर तोफ पोचते हे दिसताच ती खचे. मालेगावच्या अरबांनी खंदक आणि तट यांच्याआड राहून बंदुकीने एकेक माणूस टिपायला सुरुवात केली. १५ मे रोजी फौज कोटापुढे आली आणि तीनच दिवसांनी अरब बाहेर पडून मोर्चांवर तुटून पडले. त्या चकमकीत वेढ्याचं काम पाहणारा इंजिनियर डेव्हिस मारला गेला. मॅकडॉवेलजवळ मोठ्या तोफा थोड्या आणि त्यांचे गोळेही थोडे. दहा-बारा दिवस एकाच जागी मारा करून तटाला खिंडार पाडलं, तोवर अठरा पौंडी गोळ्यांचा साठा संपत आला होता.

२९ मेच्या पहाटे हल्ला झाला. नॅट्स नावाचा तरुण इंजिनियर सगळ्यांच्या पुढे खिंडाराच्या माथ्यावर चढला. बाहेरून ढासळलेला दिसणारा तट आतून तसाच उभा होता, पलीकडे उतरायला वाटच नव्हती. जाता येणार नाही, असं मागच्यांना ओरडून सांगत असतानाच तो गोळ्या लागून कोसळला. हल्ला फसला. पेठ तेवढी हाती आली.

अशा लढाईत खरी अडचण गोळे वाहून आणण्याची. अठरा पौंडी लोखंडी तोफ म्हणजे दोन टनांचं धूड. तिला ओढायला बैलांच्या जोड्यांमागून जोड्या जुंपाव्या लागत. शिवाय प्रत्येक गोळा आठ किलोंचा आणि त्याच्यासाठी लागणारी दारू वेगळी. वेलस्लीने १८०३ मध्ये म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांची तारीफ केली ती उगीच नाही. खानदेशाची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा चाकं निदान फिरतात. पाऊस पडला की तीच माती चाकाला चिकटून त्याचा गोळा करते आणि तोफ आसापर्यंत रुतते. मृगाचा पाऊस तोंडावर आला असताना मालेगावपुढे गोळे संपणं म्हणजे वेढा उठण्याची वेळ येणं. नवी कुमक आणि उखळी तोफा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येऊन पोचल्या, म्हणून मॅकडॉवेल वाचला.

उखळी तोफ तटाशी झगडत नाही, तटावरून पलीकडे टाकते. ११ जूनला कुलपी गोळ्यांचा वर्षाव सुरू झाला आणि काही तासांत गोळे कोटातल्या दारूच्या कोठारांवर पडले. स्फोटाने तटाचा मोठा तुकडा उडून खंदकात कोसळला. बाहेरून दोन आठवड्यांत जे झालं नव्हतं ते आतल्याच दारूने केलं. १३ तारखेला बोलणी झाली, १४ जूनला अरब बाहेर येऊन हत्यारं ठेवून उभे राहिले. दोनशेहून जास्त माणसं गमावून इंग्रजांनी हा कोट घेतला. थाळनेरची आठवण ताजी होती म्हणून असेल, किंवा अरबांनी शर्त लेखी मागून घेतली म्हणून असेल, इथे कुणाला फाशी झाली नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस अंमळनेरचे अरब जमादार अलीच्या हाताखाली अडून बसले. मालेगावहून फौज आणि तोफा आल्या. इथे फार वेळ लागला नाही. शिबंदीने बाहेर येऊन बोरी नदीच्या पात्रात हत्यारं खाली ठेवली. मालेगावला काय झालं हे त्यांच्या कानावर गेलेलं असणारच.

जुन्या खानदेशातला शेवटचा मोठा वेढा मार्च १८१९ मध्ये असीरगडाला पडला. किल्लेदार यशवंतराव लाड शिंद्यांचे. किल्ला इंग्रजांना द्या असा शिंद्यांचा हुकूम त्यांच्याकडे आला होता आणि देऊ नका असा खासगी निरोपही. त्यांनी दुसरा पाळला. डव्हटन आणि माल्कम या दोन सेनापतींच्या फौजा खाली जमल्या. मालेगावहून धडा घेऊन या वेळी भारी तोफा आणि उखळी तोफा भरपूर आणल्या होत्या, सागरकडून वेगळा तोफखानाही आला. तरीही दारूने आपला हिशेब चुकता केलाच. २१ मार्चला इंग्रजांच्याच मोर्चातल्या कोठाराला आग लागली, शंभरावर पिंपं दारू एकदम उडाली आणि तीसेक हिंदी शिपाई जागच्या जागी गेले. ९ एप्रिलला असीरगड पडला. इंग्रजांची तीनशेहून अधिक माणसं मेली वा जखमी झाली, आतल्यांची त्याच्या निम्म्याहूनही कमी. लाडांकडे दारू फार थोडी उरली होती. गडावरच्या प्रचंड तोफेच्या कथा बुऱ्हाणपूरपर्यंत सांगितल्या जात, पण भरायला दारू नसली की तोफ ओतीव धातूचा ओंडकाच. शिंद्यांचा तो खासगी निरोप इंग्रजांच्या हाती लागला आणि असीरगड त्यांना कायमचा गमवावा लागला.

तट पडले तशी तोफांची कामगिरीही संपली. खानदेशाचा पहिला इंग्रज कारभारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला ठाणं केलं. त्याच्यापुढे उभा राहिलेला प्रतिकार कोणत्याच कोटात बसलेला नव्हता. सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या रानांतले भिल्ल नाईक तोफ पोचेल अशा जागी थांबतच नसत. बैल जिथे चढत नाहीत तिथे सहा पौंडी तोफ काय करणार? पलटणी पाठवून पाहिल्या, त्या तापाने आजारी पडून परतल्या. १८२५ मध्ये सरकारने वाट बदलली. जेम्स आउट्रम या बाविशीतल्या अधिकाऱ्याने भिल्लांमधूनच शिपाई भरती करून पलटण उभी केली आणि धरणगावला तिचं ठाणं झालं.

ही भिल्ल पलटण सरकारसाठी रानात शिरली. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या खडकांत उठाव केलेल्या खाज्या नाईक आणि भीमा नाईक या भिल्ल नाईकांच्या माणसांवर इंग्रज फौज चालून गेली, तेव्हा तिच्यात कॅप्टन बर्चच्या हाताखाली धरणगावची हीच पलटण होती. त्या दिवशी बर्च जखमी झाला, दोन्ही बाजूंनी भिल्ल मेले, आणि लढाई संपल्यावर पकडलेल्या कित्येकांना तिथेच गोळ्या घालण्यात आल्या.